एका वेळी एकच चूक

मालवाहू टर्मिनलवर तिला सगळे नन्नाबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण अशा जागी पाठीमागचं बोलणं तोंडावर यायला वेळ लागत नाही. तिला त्याचं वाईट वाटत नसे. विमानातून जाणारा धोकादायक माल तपासून घेणं हे तिचं काम. या कामात 'हो' कुणालाही म्हणता येतं, 'नाही' म्हणायला पाठीला कणा लागतो, असं ती म्हणे. तिच्याकडे तो जरा जास्तच आहे, असं बाकीचे म्हणत.

काम तसं समजायला सोपं. लोखंडी टेबल, शेजारी वजनकाटा, पलीकडे जमिनीवर रंगवलेली पिवळी रेघ. रेघेच्या अलीकडे माल पाठवणाऱ्याचा, पलीकडे गेला की विमानाचा. खोकं उघडायचं नाही. बाहेरून बघायचं, कागद बघायचे आणि दोन्हींचा मेळ बसतो का ते ताडायचं. एका जरी प्रश्नाला 'नाही' असं उत्तर आलं तर माल परत. चूक एक असो की दहा, माल परतच. मात्र भला तपासनीस सगळ्या चुका एकदम सांगून टाकतो, म्हणजे समोरच्याला एकाच फेरीत सुधारून आणता येतं. तसं सांगितलंच पाहिजे असा नियम कुठे नाही. ती आपली माणुसकीची रीत. नन्नाबाईसुद्धा ती पाळायची. भाऊजी काउंटरवर येईपर्यंत.

भाऊजी म्हणजे तिच्या ताईचा नवरा. नात्यानं 'अहो', मनात 'अरे'. ही गोष्ट तिच्या मनाच्या बाजूनं सांगायची आहे, तेव्हा आपणही त्याला 'तो'च म्हणू; मान देण्यासारखं त्यानं काही केलेलं नाही. धंदा एअरबॅगा परदेशी पाठवण्याचा. एअरबॅग म्हटलं की लोकांना उशी आठवते. पण त्या उशीच्या मागे एक धातूचा डबा असतो. गाडीला धडक बसली की डब्यातला मसाला पेटतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत उशी फुगते. जीव वाचवायला केलेली वस्तू, पण तोच डबा टेबलावर तोंडासमोर उडाला तर काय होतं, हे नन्नाबाईला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिच्या घरात धाकटा भाऊ होता.

धाकटा गाड्यांचं वायरिंग करायचा. हात असा की बिघाड त्याच्याकडे आपण होऊन चालत येई. भाऊजीनं त्याला आपल्याकडे ठेवून घेतलं, "घरचं माणूस घरच्या धंद्यात बरं," म्हणून. मग एकदा भाऊजीनं ठोकलेल्या गाड्यांमधून काढलेले जुने डबे आणले. नव्या मालात मिसळून खपवायचे होते. धाकट्याला सांगितलं, "नवेच आहेत, पडून राहिलेत नुसते. पुसून घे." त्यातला एक उडाला. धाकट्याचा उजवा कान कायमचा गेला आणि चेहऱ्याची एक बाजू भाजून निघाली. चौकशीत भाऊजी डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "माझ्या नकळत कुठूनतरी आणून उघडायला गेला हो! पोराचे हात स्वस्थ कधी बसत नाहीत." शेजारी ताई उभी होती. तिनं मान डोलावली.

त्यानंतर एकाही गॅरेजनं धाकट्याला उंबरा ओलांडू दिला नाही. नको तिथे हात घालणारा माणूस कोण कामाला ठेवणार? आता तो घरातल्या पुढच्या खोलीत बसून लोकांचे पंखे आणि इस्त्र्या दुरुस्त करतो. 'माझ्या नकळत' हे दोन शब्द नन्नाबाईच्या दातांत अडकलेल्या काडीसारखे तेव्हापासून टोचत होते. तिला नुकसानभरपाई नको होती. 'मला माहीत होतं' एवढं भाऊजीच्या तोंडून, चार माणसांत, तिला ऐकायचं होतं. ते होईपर्यंत त्याचं वाटोळं झालेलं पाहायलाही तिची ना नव्हती.

आणि एका सकाळी तो स्वतःच खोक्यांची चळत घेऊन तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"अरे वा! तू इथे असतेस होय? मग आपलं काम झालंच म्हणायचं!"

"कागद द्या," ती म्हणाली.

खरं तर नात्यातल्या माणसाचा माल आला की तो दुसऱ्या तपासनिसाकडे सोपवायचा, असा टर्मिनलचा दंडक होता. ती काही बोलली नाही. तिनं कागद वाचले, खोकी फिरवून बघितली. चुका होत्या. भाऊजीचं कुठलंच काम आजवर चुकांशिवाय पुरं झालेलं नव्हतं. बूड बघावं म्हणून तिनं शेवटचं खोकं कलतं केलं, आणि आत काहीतरी सरकलं.

नव्या एअरबॅगा साच्यात घट्ट बसवलेल्या असतात. खोकं घेऊन नाचलात तरी जागच्या हलत नाहीत. इथे काहीतरी सुटं होतं, जड होतं, आणि सरकून पुठ्ठ्यावर आदळलं होतं. जुने डबे. तिचा हात खोक्यावर तसाच राहिला. तिनं वर पाहिलं. भाऊजी तिच्याकडेच बघत होता. मग तिनं खोकं खाली ठेवलं, झोपलेलं मूल ठेवावं इतकं अलगद.

बोलायची वेळ हीच होती. एक हाक मारली असती तर खोकं तिथेच उघडलं गेलं असतं. पण पुढे? भाऊजी डोळ्यांत पाणी आणून "माझ्या नकळत" म्हणाला असता, दंड भरून मोकळा झाला असता आणि एखाद्या पॅकिंगवाल्याची नोकरी गेली असती. सगळा खेळ दिवसभरात आटोपला असता. इतकी वर्षं राखून ठेवलेला राग असा चुटकीसरशी संपवायला तिचं मन होईना. हुकमाचा एक्का पहिल्याच हाताला कोण टाकतं? आधी त्याला नाक घासत फिरवायचं, गिऱ्हाइकासमोर तोंड काळं होईतो लटकवायचं, आणि मग एक्का. तोवर धोका कुणाला? तिच्या 'हो'शिवाय माल रेघ ओलांडणार नव्हता.

"लेबल कडेवर दुमडलंय," ती म्हणाली. "एकाच बाजूवर सपाट लागतं. परत न्या."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच."

दुसऱ्या दिवशी लेबलं इस्त्री केल्यासारखी सपाट होऊन आली. मग तिनं कागदावरचा आणि खोक्यावरचा पत्ता जुळत नसल्याचं दाखवलं. माल परत. पत्ता जुळला तेव्हा निव्वळ वजनाच्या जागी खोक्यासकट वजन लिहिलेलं तिला 'आढळलं'. माल परत. वजन सुधारलं तेव्हा सरकारी मान्यतेचा क्रमांकच लिहिलेला नव्हता. परत. चुका सगळ्या खऱ्या. खोटी एकही नाही. फक्त त्या तिला पहिल्याच दिवशी दिसल्या होत्या आणि ती त्या एकेक करून काढत होती, कंजूस माणूस पाहुण्याला साखर वाढतो तशी. भाऊजीचा ड्रायव्हर तिला शिव्या घालत ट्रक वळवायचा. लोडर खोकी उतरवून पुन्हा चढवायचे नि हसायचे.

दुसऱ्या टेबलावरच्या तपासनिसाला सगळे होयबा म्हणत. माणूस सरळ, कामाला चोख, फक्त कुणाला दुखवायचं त्याच्या जिवावर येई. त्यानं एकदा विचारलं, "बाई, सगळं एकदम का सांगत नाही त्यांना?"

"एकदम सांगितलं तर शिकतील कसे?"

तिला खटकत होतं ते एवढंच, की भाऊजी चिडत नव्हता. त्यानं आरडाओरडा करावा, पाया पडावं, लाच तरी देऊ करावी, म्हणजे काही चव आली असती. पण तो आपला "बरं, उद्या येतो" म्हणून निमूट जायचा. एकदा तर जाताना त्यानं हळूच मान लववली, आभार मानावेत तशी. ती त्या रात्री जेवताना तेवढ्याच गोष्टीवर धुमसत होती.

मग ताई आली. पुढच्या खोलीत धाकटा पंखा उघडून बसला होता. ताई त्याला वळसा घालून सरळ आत आली.

"तिकडचं गिऱ्हाईक आता थांबायचं नाही म्हणतंय. ऑर्डर गेली तर आम्ही रस्त्यावर येऊ. माझ्या संसाराकडे बघ गं जरा!"

"तू त्याच्या कानाकडे बघितलंस का कधी?"

"झालं गेलं ते किती दिवस उगाळायचं?"

"झालं ते त्याचं, ताई, आणि गेलं तेही त्याचंच. तुझं काय गेलं?"

ताई रडायला लागली. पूर्वी ताई रडली की नन्नाबाईला भडभडून यायचं. आज तिनं तिच्यापुढे चहा ठेवला, आणि ताई चहा तसाच टाकून निघून गेली. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाली, "एवढं विष कुठून आणलंस गं?"

"तुझ्या लग्नात मिळालं," नन्नाबाई म्हणाली. बोलून झाल्यावर तिला फार बरं वाटलं.

एक्का टाकायचा दिवस तिनं मनाशी ठरवून ठेवला होता. मध्ये एक तिच्या सुट्टीचा दिवस येत होता, तो झाला की लगेच. सुट्टीच्या दिवशी दुपारी ती कपडे वाळत घालत होती आणि फोन वाजला. ताई. आवाजात हसू मावत नव्हतं.

"माल घेतला गं त्यांनी! तुझ्या त्या दुसऱ्या साहेबांनी एक शब्द काढला नाही. उलट म्हणाले, इतके स्वच्छ कागद आम्ही फार दिवसांत पाहिले नाहीत. संध्याकाळच्या विमानानं जातोय. जाऊ दे बाई, त्या दिवशी मी तुला उगीच बोलले."

नन्नाबाईच्या हातातला ओला कपडा खाली पडला. होयबानं काही चुकीचं केलं नव्हतं. त्याच्यापुढे आलेल्या मालात 'नाही' म्हणायला जागाच उरलेली नव्हती. ती जागा तिनंच एकेक करून बुजवली होती. तपासणी दर वेळी पहिल्यापासून होते. पहिल्या दिवशी नन्नाबाईच्या हाताला काय लागलं, ते तिनं कुठे लिहिलं नव्हतं की कुणाला सांगितलं नव्हतं, मग होयबाला ते कळणार कुठून? आणि भाऊजी शिकला होता. या खेपेला त्यानं खोकी एका फळीवर पट्ट्यांनी आवळून, वरून आरपार दिसणारं प्लास्टिक गुंडाळून आणली होती. नियमात अगदी चपखल. आता त्यातलं एक खोकं कलतं करून बघणं कुणालाही शक्य नव्हतं.

संध्याकाळचं विमान प्रवाशांचं होतं. वर माणसं बसणार, खाली त्यांच्या पायांखाली तुटक्या वायरींचे डबे. बहुधा काही झालं नसतं. बहुधा माल सुखरूप पोचला असता, भाऊजीनं पेढ्यासारखं तोंड गोड करून पुढची ऑर्डर घेतली असती आणि तिच्या एक्क्याची दुरी झाली असती. तिला आधी ती माणसं आठवली की आधी सूड, हे तिनं पुढेही कधी स्वतःला विचारलं नाही. तिनं टर्मिनलच्या मुख्य साहेबांना फोन लावला.

"साहेब, ती एअरबॅगची खोकी चढवू नका. आत जुना माल आहे. मी येते."

ती पोचली तेव्हा फळी बाहेरच्या मोकळ्या आवारात आणून ठेवली होती आणि लोडरांना लांब उभं केलं होतं. सुरक्षेची माणसं खोकी उघडत होती. वरच्या खोक्यांत नवा माल, साच्यात बसवलेला, चकचकीत. तळाच्या खोक्यांत चिंध्यांत गुंडाळलेले जुने डबे. काहींवर गंज होता. वायरींची कापलेली टोकं तशीच उघडी होती. सुरक्षेच्या माणसानं एक डबा बघितला नि दोन पावलं मागे सरकला.

साहेबांच्या खोलीत भाऊजीला बोलावून घेतलं. तो आला तो घामानं डबडबलेला. होयबा कोपऱ्यात उभा होता, रंग उडालेला. सुरक्षेचा माणूस दाराशी होता आणि टेबलाच्या कडेला एक कारकून लिहून घ्यायला बसला होता. भाऊजीनं नन्नाबाईला पाहिलं आणि क्षणभर त्याला काही उमगेना. मग त्यानं साहेबांकडे तोंड फिरवलं. डोळ्यांत पाणी आणायला त्याला फार कष्ट पडत नसत.

"साहेब, माझ्या नकळत झालं हो! पॅकिंगला नवी माणसं घेतलीत, त्यांनी भरलं असणार काहीतरी. आजच्या आज हाकलून देतो सगळ्यांना."

तेच दोन शब्द. साहेबांनी सुस्कारा सोडला. असे प्रसंग त्यांनी पाहिलेले होते. दंड होतो, ताकीद मिळते आणि पाठवणारा काही महिन्यांनी नव्या नावानं परत येतो. ते कारकुनाला म्हणाले, "लिहा, पॅकिंग कामगारांचा हलगर्जीपणा." मग नन्नाबाईकडे वळले. "पण बाई, तुम्ही आज सुट्टीवर. घरी बसून तुम्हाला हे कळलं कसं?"

"मला... संशय होता," ती म्हणाली.

"संशय!" भाऊजी उसळला. घरच्याच माणसानं गळा कापल्यावर धूर्त माणसालाही जीभ आवरत नाही. "संशय म्हणे! साहेब, ही माझी मेहुणी. विचारा हिला. पहिल्याच दिवशी हिनं खोकं कलतं केलं, आत डबा सरकला, हिनं माझ्याकडे बघितलं आणि मुकाट खाली ठेवलं! मला वाटलं, शेवटी घरचं नातं, सांभाळून घेतेय. लोकांना दिसायला म्हणून लेबलं-पत्ते काढतेय. म्हणून तर रोज हेलपाटे घातले मी, एका शब्दानं बोललो नाही. आणि आता केसानं गळा कापतेय!"

नन्नाबाईला त्याचं ते मान लववणं आठवलं. हा माणूस इतके दिवस तिला आपल्यातलीच समजत होता.

साहेब पुढे झुकले. "म्हणजे पहिल्या दिवसापासून आत काय आहे, ते तुम्हाला माहीत होतं?"

भाऊजीचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. मग तो भराभर सावरायला लागला. "नाही, नाही. रागात काहीतरी बोलून गेलो. काही सरकलं-बिरकलं नाही. हिनंही काही पाहिलं नसणार. घरचं भांडण आहे साहेब, जुनं, सोडा." बोलता बोलता त्यानं तिच्याकडे एक नजर टाकली, आणि त्या नजरेचा अर्थ तिला लख्ख कळला. तू नाही म्हण, मीही नाही म्हणतो. तुझी नोकरी राहील, माझा धंदा राहील.

साहेबांनी विचारलं, "बाई? हे म्हणतात ते खरं आहे?"

नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. उभा जन्म तिनं तोच शब्द वापरला होता, आजच्याइतका सोपा तो कधीच नव्हता. ती नाही म्हणाली तर ती वाचणार होती. आणि तो पुन्हा 'नकळत'च्या आड जाऊन बसणार होता, धाकट्याच्या वेळी बसला होता तसाच.

"हो," ती म्हणाली. "खरं आहे. डबा सरकला. मी पाहिलं आणि गप्प बसले. आणि मी पाहिलं ते यांनी पाहिलं. यांना माहीत होतं, साहेब. माझ्या भावाचा कान गेला तेव्हाही माहीत होतं आणि आजही. कारकून भाऊ, दोन्ही लिहा. माझं आधी लिहा, म्हणजे यांचं पुसता येणार नाही."

कारकुनानं साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी मान डोलावली, आणि तो लिहायला लागला. भाऊजी खुर्ची चाचपत खाली बसला. "अगं, तुझंही वाटोळं होईल," तो पुटपुटला.

"होऊ दे. तुमचं झालेलं बघायला जागा तर पुढची मिळाली."

साहेबांनी तिच्या गळ्यातलं ओळखपत्र मागून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. पण गप्प बसलेल्या तपासनिसाला परत टेबलावर बसवता येत नाही, हे तिनंच नव्या लोकांना शिकवलेलं होतं. होयबा तिला दारापर्यंत सोडायला आला.

घरी धाकटा इस्त्रीची वायर सोलत होता. ती त्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसली आणि तिनं सगळं सांगितलं, लेबलापासून ओळखपत्रापर्यंत. सांगून होईपर्यंत त्यानं अर्धी वायर सोलली होती.

"ती खोकी रोज उचलत कोण होतं?"

"लोडर."

"त्यांना सांगितलं होतंस, आत काय आहे ते?"

तिनं नकारार्थी मान हलवली.

"मलाही कुणी सांगितलं नव्हतं," तो म्हणाला.

इतक्या दिवसांत तिला कुणी इतकं खोल टोचलं नव्हतं, आणि हा तर नुसता वायर सोलत बसला होता.

"उद्या जा त्यांच्याकडे. सांग त्यांना. शिव्या घातल्या तर ऐकून घे."

"जाईन."

"हं." त्यानं वायर बाजूला ठेवली, डावा कान तिच्याकडे केला आणि भाजलेल्या गालासकट सगळा चेहरा हसला. "आता ते परत सांग. साहेबांनी विचारल्यावर भाऊजींचं तोंड कसं झालं?"

तिनं परत सांगितलं.